प्रार्थनेचा पाचवा विषय

माझा दादा सख्ख्या आईला पत्र लिहितानाही शेवटी प्रार्थनेचे विषय, म्हणजे कशाकशासाठी देवाकडे मागायचं ते, क्रमांक घालून द्यायचा. मला त्याचा राग यायचा. मी शिक्षिका आहे, दिवसभर क्रमांक घातलेले प्रश्नच तपासते. घरच्या पत्रात तरी माणसानं घरच्यासारखं लिहावं.

दादा, वहिनी आणि भाची आफ्रिकेतल्या एका डोंगरावरच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती शाळेत होते. भाची तिथंच शिकायची आणि हे दोघं लहान मुलींचं वसतिगृह सांभाळायचे. मुली बहुतेक मिशनऱ्यांच्या. त्यांचे आईबाप कुठल्या तरी आडदेशात दवाखाना चालवणार, आणि पोरींच्या वेण्या घालणार जालन्याची माझी वहिनी. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी त्यांच्या सेवेसाठी प्रार्थना व्हायची. पाळक तोंड भरून कौतुक करायचे. उपासना संपली की बायका मला गाठून विचारायच्या, "आईपाशी कोण राह्यतंय मंग?" मी राहते, असं मी सांगायचे. आठ वर्षं तेच सांगत होते.

न्हाणीत पडून आईचा खुबा मोडला तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, पुसणं सगळं माझ्याकडे आलं. दिवसा शेजारच्या आपा तिच्याजवळ बसायच्या. मी सकाळची एसटी धरून केदारखेड्याकडच्या माझ्या शाळेत जायचे आणि संध्याकाळी परत येऊन आपांना मोकळं करायचे. या सगळ्यात माझं लग्न जमता जमता दोनदा राहिलं. आईनं त्याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही, मीही तिला म्हटलं नाही. दादावर मात्र मी मनातल्या मनात रोज चिडायचे.

आईला ऐकायला कमी यायचं, मोतीबिंदूमुळे वाचताही येत नव्हतं. दादाचा फोन आला तरी बोलणं माझ्यामार्फतच. महिन्यातून एकदा मोबाइलवर त्याचं पत्र यायचं, ते मी रविवारी दुपारी तिच्या कानाशी मोठ्यानं वाचायचे. खुशाली ती नुसती ऐकून घ्यायची. विषय सुरू झाले की डोक्यावर पदर घ्यायची. एकदा कानावर पडलेला विषय ती महिनाभर विसरत नसे, आणि पुढच्या पत्राला आधी मागचा हिशेब मागायची. टाकीला पाणी आलं का? त्या दोघींचा अबोला मिटला का?

वसतिगृहातल्या मुलींतली एक पोर आईनं आपलीच मानली होती. सहा वर्षांची असताना ती वसतिगृहात आली आणि रोज अंथरूण भिजवायची. दादा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हे सांगितलं, तर आईनं जुनं लुगडं फाडून हाताच्या अंदाजानंच तिच्यासाठी तीन दुपटी शिवून दिली. सहा वर्षांच्या पोरीला दुपटी कसली, म्हणून मी हसले. आई म्हणाली, जाड गादी वाळत घातली की साऱ्या शाळेला दिसते, दुपटं कुणाला दिसत नाही. ती पोर काळी की गोरी हेही आईला ठाऊक नव्हतं. प्रार्थनेत ती तिला 'माझी दुपट्यावाली' म्हणायची.

दादाची मुदत त्या वर्षी संपत होती. कायमचं परत येतो असं त्यानं तिकडं सांगूनही टाकलं होतं. मग फेब्रुवारीत पत्र आलं. त्यांच्या जागी यायला कुणी मिळालं नव्हतं आणि शाळा आणखी दोन वर्षं थांबा म्हणत होती. दादानं निर्णय आईवर सोडला होता. आई ये म्हणाली तर सत्र संपताच येतो, थांब म्हणाली तर थांबतो. सगळे विषय तिला वाचून दाखव आणि मगच विचार, असं त्यानं मला लिहिलं होतं.

ते पत्र मी आधी एसटीत वाचलं. विषय पाच होते. पाचवा असा होता: "आई, तुझी दुपट्यावाली वर्षभर कोरडी उठत होती. आम्ही जाणार हे कळल्यापासून पुन्हा भिजवू लागली आहे. नवीन येणाऱ्यांना माझं सांगाल का, असं रोज विचारते. सांगा म्हणते की सांगू नका म्हणते, ते आम्हाला कळत नाही."

हे ऐकलं तर आई त्याला थांब म्हणणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी मी चार विषय वाचले आणि मोबाइल पालथा ठेवला. आईनं विचारलं, "आन् माझी दुपट्यावाली?"

तिचं काही लिहिलं नाही, बरी असेल, असं मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. खोटं इतक्या मोठ्यानं बोलावं लागलं. मग दादानं यावं की थांबावं, तेही विचारलं. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंग त्याला म्हणावं, ये." तिचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर आपण पुण्यच केलं असं वाटलं.

ते तिघं जूनमध्ये आले. पोचल्यावर आधी आईच्या खाटेभोवती बसून प्रार्थना झाली. मी चहा घेऊन आले तेव्हा आई दादाचा हात धरून विचारत होती, ती पोर कशी आहे, आता तिच्याजवळ कोण आहे. दादा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, पाचवा विषय तिचाच तर होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे घेऊन दारातच उभी राहिले.

"हो, वाचला व्हता हिनं," आई म्हणाली. "समदे वाचले. मीच म्हणलं, ये."

"ते ऐकूनसुद्धा?"

"ऐकूनबी."

जिनं आम्हाला लहानपणी खोट्यासाठी कधी माफ केलं नाही, ती माझी आई प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत माझ्यासाठी खोटं बोलली.

दादानं तिचं सगळं केलं. उचलणं, पुसणं, डॉक्टर, औषधं, कशात कसर ठेवली नाही. पण काम झालं की तो खाटेजवळून उठायचा. पवित्र शास्त्र वाचून दाखवायचा आणि पुस्तक मिटून बाहेर जायचा. ज्याच्यासाठी ती आठ वर्षं झुरली, तो बाजूच्या खोलीत होता आणि तिच्याजवळ बसत नव्हता. आईला हे कळत होतं. ती रोज संध्याकाळी त्या पोरीसाठी प्रार्थना करायची आणि दादा घरात असेल तर हळू करायची.

एकदा दादा बाहेर गेलेला असताना मी तिला म्हटलं, मी त्याला खरं सांगून टाकते.

"बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "म्या आज हाय, उद्या न्हाई. तुला त्याच्याजवळ राह्यचंय."

पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली. माती देऊन परतताना कबरस्तानाच्या फाटकापाशी दादा थांबला आणि म्हणाला, "त्या पोरीचं ऐकूनही आई मला ये म्हणाली. हे काही मला तिच्यात बसवता येत नाही." तो रडत होता. सांगायची वेळ होती ती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आता आम्ही सगळे एकाच घरात राहतो. वहिनी माझा डबा भरून देते, दादा मला स्टँडवर सोडतो. रविवारी जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते आणि जुन्या सवयीनं दादा प्रत्येकाचा विषय विचारतो. भाची परीक्षेचं सांगते, वहिनी तिच्या भावाचं. मग तो माझ्याकडे वळून विचारतो, "तुझा काही विषय?"

मी काही नाही म्हणते आणि डोळे मिटते.