बाबांच्या स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर आणि माझी एक चिठ्ठी

परवा दुपारी दहिवलीतल्या आमच्या घरी जे झालं, ते आधी क्रमाने लिहिते.

१. पोशीरचे सुनीलदादा आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईचं तेरावं होतं आणि हार घालायला फोटो नव्हता. पासबुकावर होता, पण त्यावर बँकेचा शिक्का... थेट कपाळावर.

२. तो फोटो बाबांनीच काढलेला. बाबांचा स्टुडिओ आता बंद आहे, पण त्याचा कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात आहे. फोटो त्यात. प्रिंटर माझ्या लॅपटॉपला.

३. जुन्याचे यूएसबी पोर्ट गंजलेत. ब्राउझर इतका जुना की मेल उघडत नाही. हार्ड डिस्क टकटक आवाज करते, म्हणून ती काढायला मी तयार नव्हते.

४. उरली नेटवर्क केबल. दोन्ही कॉम्प्युटर राउटरपर्यंत पोचत होते. पण लॅपटॉपला जुना दिसत नव्हता.

केबल बदलली. आयपी पत्ते तपासले, बरोबर होते. राउटर बंद करून चालू केला... काही नाही. लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर फोल्डर शेअर करायची परवानगी नाही. त्यामुळे फोटो जुन्यावरूनच उचलायला हवा होता.

सुनीलदादा खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या बोटांकडे बघत होते. मधेच त्यांनी मोबाइलने स्क्रीनचाच फोटो काढून पाहिला. आईच्या चेहऱ्यावर आडव्या रेघा आल्या.

माझी आई चहा घेऊन आली. "हिला जमलं नाय असं कधी झालं नाय हां," ती त्यांना म्हणाली. धीर देत होती की मला टोमणा मारत होती, कळलं नाही.

मग जुन्याची नेटवर्क सेटिंग पाहिली. त्याने घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' धरलं होतं, स्टेशनवरच्या फुकट वायफायसारखं. म्हणून तो कुणालाच उत्तर देत नव्हता. नवा राउटर जोडला की कॉम्प्युटर एकदा विचारतो, इतर कॉम्प्युटरना मला बघू द्यायचं का... आमचा राउटर बदलला तेव्हा कुणीतरी 'नाही' दाबलं होतं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

बाबांनी मॉनिटरच्या कडेला बोट दाखवलं. तिथे पिवळी चिठ्ठी. अक्षर माझं. 'काहीही विचारलं तरी नाही दाबायचं.' एकदा बाबांनी बक्षिसाच्या खोट्या जाहिरातीवर क्लिक केलं होतं, तेव्हा मीच चिकटवलेली.

"तूच लावलीस ना गं? मी पाळतोय."

सुनीलदादा पहिल्यांदा हसले. बाबांना ते अण्णा म्हणतात. "म्हंजे अण्णांची काय चूक नाय."

नव्हती. चूक सूचनेत होती.

सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागलं. फोल्डरमध्ये त्यांच्या आईचे तीन फोटो निघाले. दोन बँकेला चालतील असे, गंभीर. तिसऱ्यात त्या हसत होत्या, तोंडावर पदर धरायला हात निम्म्यावर आलेला. बाबांनी तो बाद केला होता, पुसला मात्र नव्हता.

सुनीलदादा उठून स्क्रीनजवळ आले. मग तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ह्योच द्या. आय अशीच होती."

प्रिंट काढून दिली. ते गेल्यावर मी चिठ्ठी काढून टाकली. बाबांना सांगितलं, काही विचारलं तर आधी मला फोन करा.

आता कामाचं. कर्जत-खालापुरातल्या बऱ्याच घरांतली माणसं त्या डिस्कवर आहेत. ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही, म्हणून रविवारी मी फोटो उतरवून घेणार आहे... मागितलेले आधी. इथे कुणाचाही चेहरा टाकणार नाही, फोटो फक्त घरच्यांना देईन.

बाबांकडून तुमच्या घरातल्या कुणी फोटो काढून घेतला असेल आणि तो हवा असेल, तर नाव आणि साधारण वर्ष शनिवारी संध्याकाळपर्यंत मेसेजमध्ये कळवा. बाद झालेला चालेल का, तेही लिहा.