रायफल ठाण्यात जमा

माझ्याकडे रायफल आहे म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, "बिबट्या मारला का कधी?" कोपरगावच्या उसात बिबटे आहेत हे खरं, पण माझी पॉइंट टू टू रायफल फक्त कागदावर चालते. पन्नास मीटरवर कागद, त्याच्या मधोमध अंगठीच्या खड्याएवढा ठिपका. अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि चाप ओढायचा. दिवसभर हेच. यात कोणी मरत नाही, म्हणून आमच्या भावकीला हा खेळच वाटत नाही. वरातीत दोन बार काढ, असं मात्र हक्कानं सांगतात. नाही म्हटलं की फुगतात. फुगू देत.

लायसन्स काढलं तेव्हा मीही काही मोठा शहाणा नव्हतो. शस्त्र कशासाठी हवं, असा अर्जात रकाना होता. 'खेळासाठी' लिहायला हात धजेना. चाळिशीचा बागायतदार आणि खेळायला बंदूक मागतो, म्हणून गावानं टिंगल केली असती. मी ऐटीत लिहिलं, 'आत्मसंरक्षण'. चारचौघांत लायसन्स दाखवताना तो शब्द भारदस्त वाटायचा.

पुढं नेमबाजी क्लबच्या रेंजवर मुलगी माझ्याबरोबर यायला लागली आणि दोन वर्षांत माझ्यापेक्षा चांगली मारायला लागली. याचा मला मनापासून आनंद झाला, थोडा रागही आला. रायफलीचा दस्ता तिच्या खांद्याच्या मापाचा करून घेतला. यंदा तिचं ज्युनिअर गटातलं शेवटचं वर्ष. पुण्याच्या राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली तर पुढचा रस्ता मोकळा होता.

तेवढ्यात झेडपीची निवडणूक लागली. आचारसंहिता म्हटलं की आमच्याकडे हत्यारं ठाण्यात जमा करायची. नोटीस आली, तशी मी रायफल घेऊन गेलो. सोबत मुलीचं खेळाडूचं कार्ड आणि क्लबचं पत्र नेलं.

हवालदारांनी सगळं नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता. "खेळाडूला सूट हाय," ते म्हणाले, "पन लायसन तुमच्या नावावर. अन् कारन तुमी आत्मसंरक्षन लिवलंय. मंग तुमी खेळाडू कसं?"

"पंधरा दिवसांवर स्पर्धा आहे, साहेब."

"नगरला कलेक्टर हापिसात अर्ज करा. माझ्या हातात काय न्हाई."

नगरला तीन चकरा मारल्या. ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "निवडणुकीपुरता मीच बंदूकवाल्यांपासून लांब राहतोय." अर्ज विचाराधीन आहे, एवढंच उत्तर मिळत राहिलं. ज्या शब्दानं मी गावात मिरवलो, तोच आता आडवा आला होता. मी पार हतबल झालो होतो.

तिसऱ्या चकरेनंतर जेवताना मुलीनं विचारलं, "पप्पा, तुमी आत्मसंरक्षण का लिवलं होतं?"

"मी कुठं? तिथल्या क्लार्कनं फॉर्म भरला," मी म्हणालो. खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. तिनं मान डोलावली आणि भाकरी मोडली.

स्पर्धेला ती क्लबच्या रायफलीवर उतरली. दस्ता तिला लांब पडत होता. मी मागच्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून तिचा कागद बघत होतो. पहिल्या दहा गोळ्या बऱ्या गेल्या. मग खांदा अवघडला आणि गोळ्या उजवीकडं सरकायला लागल्या, एकामागून एक, जवळजवळ त्याच जागी. ती दर वेळी रायफल उतरवून पुन्हा नीट धरायची. मागून बोलायची परवानगी नसते, आणि असती तरी मी काय सांगणार होतो? निवड थोडक्यात हुकली.

परतताना नगर मागं पडलं. माझा चेहरा बघून तीच मला समजवायला लागली.

"जाऊ द्या ना, पप्पा. त्या क्लार्कचं तरी काय चुकलं? त्याला बिचाऱ्याला हा खेळ हाय, हेच ठाऊक नसंल."

मी "व्हय" म्हणालो आणि गाडी चालवत राहिलो.