भिंतीपलीकडची गुलाम मुलगी

आता काय सांगू, त्या दिवशी माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही पोलीसपाटलालाच गाठलं असतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी कोकणातून येऊन पिंपरीला कारखान्यात लागलो होतो आणि भोसरीत खोली घेऊन राहत होतो. शेजारच्या खोलीत रंगनाथराव नावाचे म्हातारे गृहस्थ आले. खिडकीला काळं कापड, खोलीत पत्र्याचे डबे, दार ते कधी वीतभरापेक्षा जास्त उघडायचे नाहीत. संशय येणार नाही तर काय होणार?

एका रविवारी दुपारी भिंतीला कान लावला. पलीकडे घोगरा आवाज, "तुला विकत घेतलंय मी. वाक!"

मग बारीक बायकी आवाज, "देह विकत घेतलास. मान माझी आहे, ती वाकणार नाही."

आणि साखळी खळखळली. भोसरीत गुलाम? मी धावत पाटलांकडे गेलो.

"पाटील, शेजारी बाई बांधून ठेवलीय."

"डोळ्यांनी बघितली?"

"ऐकली. मान वाकवणार नाही म्हणते."

पाटील उठले. "मंग बाई खमकी हाय. चला."

आम्ही खांद्यानं दार तोडलं. आत बाई नव्हती. रंगनाथराव एकटेच हातात साखळी घेऊन बसले होते. मला ते पटेना. तोंडात पेटती विडी तशीच ठेवून मी एक डबा उघडला. आत काळ्या फितीचं भेंडोळं.

म्हाताऱ्यानं झेप घेतली, माझ्या तोंडातली विडी हिसकावली आणि स्वतःच्या तळहातात चुरगाळून विझवली.

"ही फिल्म ठिणगीनं भडकते," ते म्हणाले. "एवढी एकच प्रत उरलीय हो."

मुक्या सिनेमाच्या काळात ते पडद्याशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांचं बोलायचे. गुलाम मुलीचा तो सिनेमा त्यांना भोसरीच्या जत्रेत दाखवायचा होता, त्याची तालीम चालली होती. त्यांच्या तळहाताला फोड आला होता. मी खाली मान घालून माफी मागितली.

"माफी राहू द्या," ते म्हणाले. "जत्रेत पुढं येऊन बसा."

बसलो. मुलगी मालकासमोर ताठ उभी राहिली तेव्हा बायका पदरानं डोळे पुसत होत्या, माझेही भरून आले. तेवढ्यात पडद्यावर एक मुकादम आला आणि तिच्या दाराला कान लावून उभा राहिला. रंगनाथराव त्याचं बोलू लागले, ते थेट माझ्या आवाजात, नाकातल्या कोकणी हेलासकट. पाटलांसकट सगळी भोसरी माझ्याकडे वळली.

ती मुलगी शेवटी सुटली. मी काही सुटलो नाही. पुढं लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे आले, तेव्हा वेशीवरच त्यांना लोकांनी विचारलं, "कोण, मुकादमाकडं व्हय?"