कवळीवाल्यांचा देव आणि ब्रेकमास्तरांचा प्रश्न

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी चालवता येते ती ब्रेकमास्तरांमुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना येत नाही तीही त्यांच्यामुळेच. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर बूट टेकवून ठेवायचा आणि समोरच्याने चूक करायच्या आधीच तो दाबायचा, हा त्यांचा धंदा. जन्मभर हेच केल्याने त्यांचा उजवा पाय आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. कुणी लांबण लावली की तो आपोआप जमीन दाबतो. वर शिखांची पगडी नीट बांधलेली, पांढरी दाढी विंचरलेली, शर्टाला कडक इस्त्री, आणि टेबलाखाली हा पाय एकटाच आपली नोकरी करत असतो.

माणूस सरळ. पण पडलेला प्रश्न त्यांना पचत नाही, आणि विचारायला तोंडही उघडत नाही. मग तो प्रश्न पोटात घेऊन ते फिरत राहतात आणि भलत्याच गोष्टीवर चिडतात. यंदा ते वायपरवर चिडले, हवा भरणाऱ्यावर चिडले, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चिडले. घरचे म्हणाले, रक्तदाब असेल. रक्तदाब नव्हता. एक विद्यार्थिनी होती.

ही बाई पोस्टात कामाला, नुकतीच नेमाने चर्चला जायला लागलेली. एके दिवशी लाल दिव्यापाशी गाडी थांबवून ती अगदी कळवळून मास्तरांना म्हणाली, की मास्तर, तुम्ही इतके चांगले, पण येशूला देव मानत नाही, मग तुमचं पुढे कसं होणार? मास्तर म्हणाले, "पुढे वळण आहे. इंडिकेटर दे." तिने दिला. वळणही व्यवस्थित घेतलं. मास्तरांना मात्र त्या वळणापासून चैन नाही.

बाईंचं त्यांना काही वाटलं नव्हतं. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच रस्ता दाखवत सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मनात आला कवळीवाला. हाही असंच मानतो की काय?

कवळीवाले म्हणजे मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शेजारच्या गाळ्यात खोटे दात बनवणारे गृहस्थ. ख्रिस्ती. बुटके, शांत, नखांत कायम प्लास्टर अडकलेलं. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांचे साचे येतात, हे त्यांवर मेण लावतात, दात बसवतात, घासून गुळगुळीत करतात. दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी आहे आणि दुपारचा चहा त्या खिडकीतून इकडून तिकडे जातो. एका शिकाऊ पोराने गाडी खांबावर घातली तेव्हा मास्तरांचे समोरचे चार दात गेले. ते चार दात कवळीवाल्यांनी स्वतः बसवून दिले, आणि असे बसवले की मास्तरीणबाई म्हणाल्या, आधीचे कधी इतके चांगले दिसत नव्हते. कवळीवाल्यांना गाडी येत नाही. मास्तरांनी शिकवून पाहिलं, दोघांनीही हात टेकले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मास्तर त्यांना चर्चच्या फाटकाशी सोडतात आणि तसेच पुढे गुरुद्वाऱ्यात जातात. गाडीत मागच्या सीटवर औजारांचा पसारा, त्यामुळे कवळीवाले पुढे, जादा ब्रेकसमोर, पाय आखडून बसलेले.

इतक्या वर्षांत दोघं धर्मावर एक अक्षर बोलले नव्हते. गुडघे, सरकार, जावई, मूळव्याध, सगळं झालं होतं. देव तेवढा राहिला होता.

आता सरळ खिडकीतून डोकं घालून विचारायचं की नाही, की बाबा रे, तुझ्या हिशेबाने मी कुठे जाणार? पण नाही. मास्तरांनी लांबचा रस्ता धरला. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची चर्चा भरते. ती चालवतात मास्तरीणबाई, टेबलावर एक घंटी ठेवून. मास्तरांनी पुढचा विषय सुचवला, 'येशू देव कसा?', वक्ता म्हणून कवळीवाल्यांचं नाव दिलं आणि प्रश्न विचारायचं काम स्वतःकडे घेतलं. मनात सगळं रचून ठेवलं होतं. आधी विचारायचं, देव जन्माला येतो का. मग विचारायचं, येशू खरंच देव का. तो हो म्हणाला की तिसरा प्रश्न अलगद पुढे सरकवायचा, की मग जो मानत नाही त्याचं काय. चारचौघांत विचारलं की तो वैयक्तिक वाटणार नाही, असा हा हिशेब.

रविवारी दुपारी खोली भरली. डोक्यावर रुमाल बांधून कवळीवाले पुढे बसले, परीक्षेला बसल्यासारखे. बोलायची सवय नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव, एवढं सांगून ते घाम पुसायला लागले. मास्तर उठले. म्हणाले, आमच्याकडे परमेश्वर एकच, तो जन्मत नाही आणि मरत नाही. आमच्या दहा गुरूंनाही आम्ही परमेश्वर म्हणत नाही, कारण ते जन्मले आणि गेले. तुमचा येशू जेवला, झोपला, रडला, मेला. शिवाय तो बापाची प्रार्थना करायचा. देव देवाचीच प्रार्थना करतो, हे कसं?

प्रश्न चोख होता. पाठीमागे एक-दोघांनी माना डोलावल्या. गंमत एवढीच, की हा मारा ज्या चार दातांमधून चालला होता, ते प्रतिपक्षाने बसवलेले होते.

कवळीवाले बराच वेळ नखातलं प्लास्टर काढत राहिले. मग म्हणाले, "मला शिकलेल्यांसारखं नाही सांगता येणार. माझ्याकडे साचे येतात. ज्याचं तोंड आहे तो माणूस मला कधी दिसत नाही. पण साचा हातात आला की मला त्याचं तोंड कळतं, अगदी हिरड्यांसकट. देव मी पाहिला नाही. येशूत मला त्याचा साचा मिळाला."

मास्तरांना आतून बरं वाटलं, कारण गडी खरंच बोलायला लागला होता. ते लगेच म्हणाले, "साचा म्हणजे तोंड नव्हे. साच्याला भूक लागत नाही. म्हणजे येशू वेगळा आणि देव वेगळा, हे तूच कबूल केलंस."

"नाही. या साच्याला भूक लागली. इथे माझं उदाहरण संपतं आणि विश्वास सुरू होतो."

"उदाहरण संपलं म्हणजे गाडी बंद पडली. ढकलत कुठवर नेणार?"

लोक हसले. कवळीवालेही हसले, पण मग मान वर करून म्हणाले, "तुमच्याकडे ग्रंथ हाच गुरू. त्याला रोज उठवता, रात्री निजवता, चवरी ढाळता. मला कुणी म्हटलं, ही तर पुस्तकाची पूजा आहे. मी म्हटलं, नाही, मास्तर म्हणतो तो गुरू आहे, म्हणजे तो गुरू आहे. मला कळत नाही, पण मी तुझा शब्द मानला. तू माझा नाही मानत."

आता हा टोला वर्मी बसला. मास्तरांचा पाय जमिनीवर आपटला. त्यांना सांगायचं होतं, की गुरूची ज्योत शब्दात आली म्हणून आम्ही शब्दापुढे वाकतो, पण त्याला परमेश्वर म्हणत नाही, फरक तिथेच आहे. आणि त्या फरकावरून त्यांना नेमकं तिसऱ्या प्रश्नावर यायचं होतं. तोंड उघडलं, आणि मधेच लाइटवाले काका उभे राहिले.

हे काका गल्लीभर वायरिंग करतात आणि बोलायला लागले की त्यांचा फ्यूज उडत नाही. ते म्हणाले, वा, तुमच्याकडे गुरूचा शब्द झाला, त्यांच्याकडे शब्दाचा माणूस झाला, म्हणजे दोघं एकाच रस्त्यावर समोरासमोरून येताय. सगळं एकच आहे हो.

"एकाच रस्त्यावर समोरासमोरून आलं तर आमच्या धंद्यात त्याला टक्कर म्हणतात," मास्तर म्हणाले.

पण कुणी ऐकलं नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या. एका आजींनी डोळे पुसले. मास्तर ओरडले, की एक नाही, मुळीच एक नाही, माझा अजून एक प्रश्न आहे, आणि घंटी वाजली. मास्तरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, वेळ संपली, सर्वांनी जेवूनच जायचं. मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर घंटी हातातून पडली असती. बाईंनी ती आणखी एकदा वाजवली.

पंगतीत सगळे येऊन मास्तरांची पाठ थोपटून गेले. किती सुंदर समन्वय झाला म्हणाले. मास्तर अन्न चिवडत बसले. पलीकडे कवळीवालेही तसेच. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून पुन्हा सगळं एकच असल्याचं सांगितलं, तेव्हा कवळीवाल्यांनी तो हात उचलून बाजूला ठेवला, जसा एखादा फसलेला साचा ठेवतात. मास्तरांनी ते पाहिलं.

परतताना दोघं गाडीत. मास्तर गिअर असे टाकत होते, की शिकाऊ माणसाने तसे टाकले असते तर त्यांनी त्याला उतरवून दिलं असतं. त्यांचं नेहमीचं वळण चुकलं. मग समोरच्या काचेकडे बघतच त्यांनी विचारलं.

"तुझ्या देवाच्या फाटकापर्यंत दर रविवारी मीच तुला आणतो. आत माझ्यासाठी जागा आहे का नाही?"

कवळीवाल्यांचा पाय पडला तो नेमका जादा ब्रेकवर. गाडी भर रस्त्यात गचका खाऊन थांबली. मागे हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी कशीबशी ती कडेला घेतली, एका बंद दुकानासमोर.

"हे विचारायला तू मला सगळ्या लोकांसमोर बसवलंस?"

"मग कुठे विचारायचं होतं? खिडकीतून? चहा देता देता?"

"हो. चहा देता देता."

"बरं, आता विचारलं. सांग."

कवळीवाले म्हणाले, "मला माहीत नाही."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहीत नाही, हे उत्तर त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, क्लच कुठला विचारल्यावर. त्यांनी फडाफडा बोलायला सुरुवात केली, की तू येशूला देव मानतोस, मग नीट मान, अर्धवट काय मानतोस, त्याचं सगळं मान आणि माझ्या तोंडावर सांग की तू बाहेर आहेस, मी ऐकून घेईन, मी काही लहान मूल नाही. पण माहीत नाही म्हणू नकोस.

"मी नीटच मानतो," कवळीवाले म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "येशू देव आहे. तुला वाईट वाटेल म्हणून मी ते कमी करणार नाही. म्हणूनच मला माहीत नाही. अर्धवट मानत असतो तर कधीच म्हटलं असतं, सगळं एकच, जा घरी."

कवळीवाल्यांनी खाली बघत सांगितलं, की मास्तरांचे दात बसवले त्याच सुमारास त्यांनी चर्चमधल्या फादरना हेच विचारलं होतं. फादर म्हणाले, देवावर सोडा. हे म्हणाले, तुम्ही सोडा, मला मास्तरबरोबर रोज बसायचं असतं. शब्दाने शब्द वाढला. कवळीवाले तेव्हा चर्चच्या गाण्यात पुढच्या रांगेत उभे राहायचे. ते त्यांनी सोडलं.

"तुझा घसा बसला होता ना तेव्हा?"

"घसा उत्तम होता."

"मी तुला महिनाभर गरम पाणी आणून देत होतो."

"प्यायलो की मी ते."

मास्तरांना कशावर आधी चिडावं ते कळेना. गाणं सोडलं यावर, खोटं बोलला यावर, का इतकी वर्षं हाच प्रश्न खिडकीच्या पलीकडच्या बाजूला बसून होता यावर. माझ्यावरून भांडलास आणि मलाच नाही सांगितलंस, असं ते म्हणाले, आणि ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा जरा हळू. मग पुन्हा मूळ मुद्द्यावर आले.

"निदान तुझा अंदाज सांग."

"माझा अंदाज मी देवाला सांगितलाय. दर रविवारी सांगतो. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

"आमच्याकडून बघितलं तर तूच चुकतोयस, कळलं का? जो जन्मला आणि मेला, त्याच्यापुढे वाकतोस तू. त्याचं मला काही वाटत नसेल असं समजू नकोस."

"वाटतं?"

"न वाटायला काय झालं?"

हे मात्र कवळीवाल्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते वळून मास्तरांकडे बघत राहिले. मास्तरांनी आरसा सारखा केला, उगाच, आणि गाडी चालू केली.

गाळ्यापाशी कवळीवाले उतरले. मास्तरांनी काच खाली घेतली. "येत्या रविवारी मी फाटकाशी सोडून जाणार नाही. आत येणार. तुझ्या त्या फादरना विचारणार."

"विचार. पण त्यांच्याकडेही उत्तर नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

"नसू दे," मास्तर म्हणाले. "त्यांच्यावर मनासारखं रागावता तरी येईल. तुझ्यावर रागावून माझं काही भागत नाही."