मोळे, वा

महिला दिन आला की आमच्या पालघरच्या दवाखान्यात थोर स्त्रियांचे फोटो दोरीला टांगायचे. देशोदेशीच्या बायका, कुणी विमान चालवलेलं, कुणी राज्य चालवलेलं. बाकीच्या नर्सा टाळ्या वाजवायच्या, मला मात्र खुर्चीत बसवायचं नाही. नव्वदनंतरच्या एका वर्षी साहेबांनी माझ्याच हातात माईक दिला आणि म्हणाले, "सिस्टर, एखाद्या थोर स्त्रीबद्दल दोन शब्द बोला." माझ्या डोक्यात बायका होत्या, पण त्यांचा फोटो दोरीवर नव्हता. "पेशंट खोळंबलाय," अशी थाप मारून मी सटकले. ते दोन शब्द अजून टोचतायत, म्हणून आज लिहायला घेतलंय.

मी नवापूरची, कोळ्याची पोर. बाबा बोटीवर, त्यामुळे घरात राज्य आईचं. बोईसरच्या बाजारात तिची मासे विकायची जागा होती. जागा म्हणजे काय, हातभर गोणपाट! पण ते तिच्या सासूकडून आलेलं. आमच्यात रीत अशी की पाटीवर, म्हणजे माशांची टोपली विकायला, लेक बसते, नाहीतर सून. परकी बाई बसली की जागा गेली. मला भाऊ नाही, म्हणजे सून नाही. उरलं कोण? मी. दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आईने मला गोणपाटावर बसवलं. ती किनाऱ्यावर माल घेणार, बोंबील वाळत घालणार आणि मी पाट्या घेऊन एसटीने बोईसर गाठणार. कंडक्टर वास येतो म्हणून मागच्या सीटवर पिटाळायचा. मी त्याला रोज शिव्या घालायचे, मनातल्या मनात.

मला बसणं जमायचंच नाही. पायात मुंग्या, डोक्यात मुंग्या. इथेच म्हातारी होणार, याच गोणपाटावर, हा विचार पाठ सोडायचा नाही.

आमच्या समोर डोंगराकडची एक वारली बाई जळणाची मोळी घेऊन बसायची. आमच्या तोंडात ळ टिकत नाही, आम्ही 'मोली' म्हणतो, तीही तसंच म्हणायची. तिचा नवरा दर साल वीटभट्टीवर जायचा. ही एकदा अडून बसली, "जा तू. पोरांची शाला बुडते, मी नाय येत." तेव्हापासून अंधारात निघून डोक्यावर लाकडं आणायची आणि घर चालवायची. बोलायची कमी, हसायची फार.

आणि तिसरी, एका कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स. केरळची. तिच्याकडच्या सगळ्यांनाच आम्ही मद्रासी म्हणायचो, एवढं आमचं ज्ञान! एकोणिसाव्या वर्षी एकटी रेल्वेत बसून आली होती, मराठीचं अक्षर येत नव्हतं. तारल्या घ्यायला आली की मला हाक मारायची, "मोळे, वा!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं टाळकंच सटकलं. मी काय लाकडाची मोळी? पण मी तोंड उघडायच्या आत वारलीण उठून उभी. तिला वाटलं, मोळीची तारीफ चाललीय, वा वा! तिने मोळी उचलली आणि सरळ नर्सबाईंच्या क्वार्टरकडे चालू लागली. बाईंना नाही म्हणता येईना. असं तीनदा झालं. गॅसवर रांधणाऱ्या बाईच्या मागच्या दारी हा ढीग! शेवटी बाईंनी माझी हनुवटी धरली आणि वारलीणीला समजावलं, "मोळे म्हणजे मुलगी. वा म्हणजे ये." वारलीण हसून हसून खाली बसली. मग आमचं तिघींचं ठरूनच गेलं. बाई लांबून दिसल्या की वारलीणच ओरडायची, "मोले, वा!"

एकदा कोयत्याने माझं बोट कापलं. बाई मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे एक बिहारी कामगार हात भाजून आलेला, विव्हळत होता, आणि कारकून त्याला कार्ड मागत होता. बाईंनी कारकुनाचं रजिस्टर उचलून बाजूला फेकलं. "पहले हाथ, बाद में कागज!" मी बोटातलं रक्त विसरले. मला हेच व्हायचं होतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

ठाण्याला दीड वर्षाचं नर्सिंगचं शिक्षण होतं. फॉर्म बाईंनीच आणला, पण त्यावर आईचा अंगठा हवा. मी महिनाभर आईच्या मागे लागले. तिचं एकच, "पाटीवर कोन बसंल?" शेवटची तारीख उद्यावर आली, तेव्हा बाई स्वतः बाजारात आल्या. रविवार होता, आई माझ्याबरोबर होती.

बाई म्हणाल्या, "आई, मोळे मला दे. दीड वर्ष. परत देते."

आईने समोर बोट दाखवलं. "ती काय पडली हाय मोली, घे ना. परत कशाला देते?"

वारलीण म्हणाली, "लाकडा नाय मांगत ती, बाय. तुजी पोर मांगते."

आईचा चेहराच बदलला. "पोर गेली तं जागा गेली. सासूला काय तोंड दाखवू?"

आणि मी भर बाजारात किंचाळले, "मग घाल चुलीत ती जागा!"

आजूबाजूच्या कोळणींचे कोयते थांबले. आई गोणपाटाची सुरकुती हाताने सरळ करत राहिली. जीभ तोडून टाकावी असं वाटलं मला. आजही वाटतं.

तेवढ्यात वारलीण उठली, मोळी तिथेच टाकून आमच्याकडे आली. "मी बसन पाटीवर," ती म्हणाली. "पान्यापावसात माजा शेत हाय, तेवढा सोडून."

शेजारची कोळीण कडाडली, "आयो! वारलीन बसंल? कोन लागते गो तुजी?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग तिच्याकडे.

"मोली हाय माजी," आई म्हणाली. "लेक. हिच्या भाषेत." आणि तिने बाईंकडे बोट दाखवलं. शेजारणीने कोयता परत उचलला. रीत कुठे मोडली? पाटीवर लेकच बसणार होती.

अंगठा उमटला, सोबत मांदेलीचं एक खवलंही चिकटलं. बाईंनी ते काढू दिलं नाही.

निघायच्या आधी मी वारलीणीला मासे कापायला शिकवलं. पहिल्याच सुरमईवर तिने कोयता असा हाणला की आई ओरडली, "अगो, लाकूड नाय ता!"

मी गेले. सुट्टीत यायचे ती दोन दिवसांसाठी, आणि बाजारात फिरकायचेच नाही. खरं सांगते, भीती वाटायची. एकदा बसले तर उठू देणार नाहीत, अशी. शिक्षण संपलं, पालघरला नेमणूक झाली, तेव्हा कुठे पांढरी साडी नेसून, पेढे घेऊन बोईसरच्या बाजारात गेले. आई तारल्यांचे वाटे लावत होती. लांबूनच मला तिची हाक ऐकू आली, "मोलेऽ, वा!"

माझे डोळेच भरले. दीड वर्षात पहिल्यांदा मला त्या गोणपाटावर बसावंसं वाटलं. मी धावतच गेले. पण आईने मला पाहिलंही नव्हतं. पाण्याची बादली घेऊन वारलीण माझ्या पुढून गेली आणि आईच्या शेजारी, माझ्या जागेवर बसली. हाक तिला होती.

मग दोघींनी मला पाहिलं. वारलीण पटकन सरकली, गोणपाटावर हात थोपटून म्हणाली, "मोले, वा." मी बसले. पांढऱ्या साडीनिशी, माशाच्या पाण्यात. आई माझ्या बिल्ल्यावरून बोट फिरवत होती, वाचता येत नव्हतं तरी. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"ऊठ गो आता," आई म्हणाली. "गिऱ्हाईक थांबलाय. हिला कापाया जागा नाय."

मी उठले.