मुंग्यांची वाट लागली

पेरुंगुडीच्या ऑफिसात मी मुंग्या पाळल्या होत्या. संगणकातल्या. ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात सुटे भाग नेणाऱ्या ट्रॉल्यांसाठी त्यांनी जवळचा रस्ता शोधायचा होता. खरी मुंगी चालताना मागे वास सोडते. जवळच्या वाटेवर फेऱ्या जास्त होतात, वास दाट होतो, बाकीच्या तिकडे वळतात. लांबच्या वाटेवरचा वास उडून जातो. कागदावर सगळं झकास होतं. माझ्या मुंग्या मात्र पहिली सापडेल ती वाट धरून बसायच्या, आणि ती नेमकी कॅन्टीनला वळसा घालून जाणारी. वास लवकर उडवला की सगळ्या सैरावैरा, उशिरा उडवला की पुन्हा कॅन्टीन. वैताग आला होता नुसता. शुक्रवारी साहेबांना दाखवायचं होतं. नाही जमलं तर काम बंद आणि माझी रवानगी टेस्टिंगला. हे काम मी भांडून मिळवलं होतं.

गुरुवारी वेलचेरीला घरी परतले तर घरमालकीण मामी दारातच. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, माझी पुण्याची.

"काय झालें गो तुझ्या मुंग्यांचें?"

"वाट लागली, मामी!" मी करवादले.

"लागली? बरें झालें! अस्के मुंग्यांस?"

अस्के म्हणजे सगळे. "हो, सगळ्यांना!" म्हणून मी तणतणत जिना चढले.

सकाळी खालच्या शेजारणीने हसून हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मामी माझ्या मुंग्यांसाठी पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात नारळ फोडून आल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मामींच्या मराठीत वाट लागणं म्हणजे वाट सापडणं. आता कुणाकुणाला समजावत बसू? बस गाठायची होती. तशीच निघाले.

साहेबांसमोर माझ्या मुंग्या इमानेइतबारे कॅन्टीनला गेल्या. दोनदा. साहेब म्हणाले, "सोमवारपासून टेस्टिंगला बसा."

संध्याकाळी मामी केसरीचा, म्हणजे इकडच्या गोड शिऱ्याचा, डबा आणि वाटी घेऊन उभ्या होत्या.

"दाखवलीस साहेबांस? कोठली वाट लागली?"

"कॅन्टीनची."

मामींनी वाटी भरून माझ्या हातात दिली. "मग बरोबरच की गो. भुकेल्या असतील."

मला रडूच फुटलं. मामींना वाटलं, आनंदाचं. त्यांनी वाटीत आणखी एक चमचा केसरी वाढली.