पाण्यात जळत ठेवलेली बत्ती

"वन्सं, हे गेले..." वहिनी फोनवर एवढंच म्हणाली. सकाळचा चहा घेऊन गेली, तर दादा उठलाच नाही. मी पुण्याहून बनारसला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भेटायला येणारा जो तो दादाच्या शिकवण्याबद्दल, त्याच्या शिस्तीबद्दल बोलत होता. मला मात्र राहून राहून नव्वदच्या दशकातली थंडीतली एक सकाळ आठवत होती. त्या सकाळबद्दल घरात कुणी फारसं बोललं नाही. दादाला ते आवडायचं नाही. आता दीड महिना होऊन गेला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बालाजी घाटावरच्या गल्लीत आमचं घर. दादा इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, मी लग्नाआधी तिथल्याच एका शाळेत शिकवायचे. नौदलातून निवृत्त झालेले मिश्राजी दादाचे मित्र. पाठीवर हवेची टाकी बांधून ते पाण्यात उतरायचे, पुलांचे खांब तपासायचे, बुडालेल्या नावा काढून द्यायचे. पाण्याखाली चालणारी त्यांची विलायती बत्ती फुटली आणि दुसरी मिळेना, तेव्हा ते दादाकडे आले. दादाला तेवढंच हवं होतं! जाड ॲक्रिलिकची नळी, गाडीच्या हेडलाइटचा बल्ब, छोटी लेड बॅटरी आणि झाकणाला रबराची रिंग. आधी तो रिकाम्या नळीत वर्तमानपत्राची घडी घालायचा, दगड बांधून ती गंगेत सोडायचा आणि वर काढल्यावर कागद कोरडा निघाला की लहान मुलासारखा हसायचा. पहिली बत्ती मिश्राजींना दिली. त्यांच्या ओळखीनं गोव्यातल्या, अंदमानातल्या डायव्हिंग शिकवणाऱ्यांकडून मागणी यायला लागली. वहिनी नळ्या घासून द्यायची, मी पार्सलं शिवायचे. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली म्हणजे आमचा कारखानाच झाला होता.

त्या सकाळी दादा एक बत्ती पाठवण्याआधी तपासत होता. रात्रभर ती चार्जिंगला लावलेली होती. त्यानं खटका दाबला मात्र, आणि बंदुकीसारखा आवाज झाला. झाकण छतावर आदळून खाली आलं. मी धावत गेले, तर दादा भिंतीला टेकून उभा, मनगटातून रक्त गळतंय, आणि नजर फुटलेल्या नळीवर.

"गॅस," तो म्हणाला. "बॅटरीतून गॅस सुटतो चार्ज होताना. मी झाकण लावूनच चार्ज करत होतो गं. खटक्यात ठिणगी पडली की..." आणि एकदम त्याचा चेहरा उतरला. "मिश्राजी!"

आदल्या संध्याकाळी मिश्राजी तशीच चार्ज केलेली बत्ती घेऊन गेले होते. पंचगंगा घाटासमोर दगडांनी भरलेली नाव बुडाली होती, तिला दोर बांधायला ते सकाळी उतरणार होते.

दादा अनवाणी धावला. मी त्याच्यामागे, हातात टॉवेल. घाटावर पोचलो तेव्हा मिश्राजींना घेऊन गेलेली नाव काठापासून थोडी आत उभी होती, एकटा नाववाला त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक धरून बसलेला. मिश्राजी पाण्यात गेले होते.

"ऊपर खींचो उनको!" दादा ओरडला. नाववाल्याला समजेना. आंघोळ करणारे आमच्याकडे पाहायला लागले. दादानं कपड्यांनिशी उडी टाकली, पोहत जाऊन नावेत चढला आणि दोर हातात घेतला. पण ओढेना. नुसता धरून बसला. मला पायरीवरून त्याची पाठ दिसत होती. नंतर त्यानं सांगितलं, की दोराला झटका दिला की खालचा माणूस काय झालं ते पाहायला आधी बत्तीच लावेल, ही भीती. आणि झटका नाही दिला, तरी बुडालेल्या नावेपाशी पोचल्यावर तो लावणारच. शेवटी त्यानं दोर जोरानं ओढला. एकदा, पुन्हा, पुन्हा...

हिरव्या पाण्यात एक पिवळा डाग उमटला. तो मोठा होत वर आला. बत्ती पेटलेली होती! मिश्राजींनी डोकं बाहेर काढलं, तोंडातली नळी काढली आणि चिडून विचारलं, "क्या हुआ मास्टरसाहब?" बोलता बोलता त्यांचं बोट खटक्याकडे गेलं.

"बंद मत कीजिए! जलने दीजिए!"

खटका बंद करतानाही ठिणगी पडते. दादानं ती बत्ती अलगद त्यांच्या हातातून घेतली, दोराला बांधली आणि पुन्हा पाण्यात सोडली. नाव माणसांपासून दूर नेली. मिश्राजींना घाटावर पाठवलं आणि स्वतः तिथेच बसला. दुपार उलटेपर्यंत ती बत्ती गंगेत जळत होती. आम्ही पायरीवरून बघत होतो. उजेड लालसर झाला, मग दिसेनासा झाला, तेव्हा कुठे दादा परतला. ती बत्ती फुटली असती की नाही, ते कधीच कळलं नाही.

मिश्राजी समजूत घालत म्हणाले, "हुआ तो कुछ नहीं। आगे से ठीक बना दीजिए। बात फैल गई तो कौन खरीदेगा?"

"और किसी का हाथ उड़ गया तो?" दादानं विचारलं आणि ओल्या कपड्यांनीच एसटीडी बूथवर गेला. एकेकाला फोन लावून सांगत राहिला, बत्ती लावू नका, चूक माझी आहे. अंदमानातल्या गृहस्थांनी आभार मानले. गोव्यातला माणूस विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रावर गेला होता, निरोप घ्यायलाही कुणी नव्हतं. दादा बूथच्या बाकावर बसून राहिला, पुन्हा पुन्हा फोन लावत. वहिनीनं डबा पाठवला तो तसाच परत आला. दिवेलागणीला फोन लागला. सगळे सुखरूप होते. तो माणूस मात्र दादाला वाटेल ते बोलला. दादानं सगळं ऐकून घेतलं, रिसीव्हर ठेवला आणि बाहेर येऊन माझ्यासमोर रडला. मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढे त्यानं झाकण उघडून चार्ज करायच्या बत्त्या बनवल्या, नळीवर तशी सूचनाही रंगवली. मिश्राजी शेवटपर्यंत त्याच वापरत राहिले. बाहेरची मागणी पूर्वीसारखी कधी आली नाही.

दिवस झाल्यावर मी बनारसला आणखी थोडी राहिले. हाडं गोठवणारी थंडी होती. जिन्याखालच्या खोलीतून गार वारा घरभर येत होता, म्हणून मी तिथली खिडकी लावायला गेले.

"राहू दे, वन्सं," वहिनी मागून म्हणाली. "इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला आहे. हे खिडकी लावू द्यायचे नाहीत."

तिनं शाल आणखी घट्ट लपेटून घेतली. मी खिडकी उघडीच ठेवली.